उचलायच्या आधी

प्रिय सुकरी,

हे दोन शब्द लिहायले मले बराच वेळ लागला. आपण कधी एकमेकाले असं म्हटलं नाई. तू मले 'ए' म्हणत होती आणि मी तुले काहीच म्हणत नव्हतो, नुसता खाकरत होतो. घरी आपण गोंडीत बोलत होतो, पण गोंडी लिहायले शाळेत कोणी शिकवलं नाई, म्हणून मराठीत लिहून राह्यलो. मी सहावीतून पळालेला माणूस आणि तू आठवी पास, तेव्हा कुठी अडली तर तिथी थांबू नको, पुढं वाचत जा. पत्र इंदुताईच्या नावानं टाकतो, कारण पोस्टमन त्यांच्या अंगणवाडीपर्यंतच येते, आपल्या टोल्याच्या वस्तीवर येत नाई. इंदुताईले सांग की पाकीट फोडू नका. त्या फोडतीलच, पण सांगून ठेव.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कायले. बाजाराच्या दिवशी तू अहेरीले जाते, टॉवरखाली उभी राहून फोन लावते, आपण बोलतो, मग हे काऊन? त्याचं कारण आहे, पण ते मले एकदम सांगता येत नाई. बाकीचं सांगत सांगत तिथपर्यंत यावं लागते. तोपर्यंत हे कोणाले वाचून दाखवू नको. करिश्माले तर नाईच. तुझी लहान बहीण आहे, चांगली आहे, पण तिच्या पोटात गोठ राहत नाई.

तुझ्या बाची, बुधूमामाची मुदत मले पाठ आहे. तीन रोवण्या त्याच्या घरी राबायचं, मग लग्न. दोन झाल्या. तिसरी मी मागल्या साली चुकवली आणि मामानं एक साल वाढवून दिलं. एवढं कोणी देत नाई. लमसेना म्हणून ठेवलेला पोरगा पंधरा दिवस उशिरा आला तर हाकलून देणारे लोक आहेत आपल्यात. मामानं फक्त एवढंच म्हटलं की पुढच्या रोवणीले धान लावायले बांधीत उतरला तर पोरगी तुझी, नाई उतरला तर चैतूच्या घरचे तिले मागूनच राह्यले. आता धानाचे परे वीतभर उगवले असतील. वीस-पंचवीस दिवस राह्यले. हे तुले सगळं माहीत आहे, तरी लिहितो. लिहिलं की मले नीट दिसते.

तुमच्या घरी आलो तो पहिला दिवस तुले आठवते का? मामानं मले जेवला का हे पण विचारलं नाई. धानाचं पोतं दाखवलं आणि आत नेऊन ठेव म्हणाला. मी वाकलो, पोतं पाठीवर घेतलं आणि उठताना माझ्या तोंडून 'हुं' असा आवाज निघाला. मामा खाटेवर बसून बिडी ओढत होता. म्हणाला, "माझा बैल बी एवढा आवाज करत नाई गा." तुझी आई हसली, करिश्मा हसली. तू चुलीकडं तोंड करून होती, पण तुझे खांदे हलत होते, मी पाह्यलं. त्या दिवसानंतर सुकरी, दोन वर्षांत मी एक पण वजन आवाज करून उचललं नाई. पाण्याची कावड असो, सरपण असो, धानाचे भारे असो, वाकायच्या आधीच मी श्वास दाबून टाकत होतो, दात आवळत होतो, मान खांद्यात घुसवत होतो. आवाज बंद. मामा बिडी ओढत पाहायचा आणि मी उचलायचो. मले वाटायचं मी तगडा होऊन राह्यलो. लमसेना माणूस कोणतंच काम एकटा करत नाई. वावरात कोणी नसलं तरी सासऱ्याचे डोळे त्याच्यासंगं असतात. हे मले तेव्हा कळलं नव्हतं, कळलं ते इथी, आठशे-नऊशे किलोमीटर दूर येऊन.

दुसऱ्या वर्षीची कापणी आठवून पाह्य. आपण भारे खळ्यावर नेत होतो. कावडीच्या दोन्ही टोकाले भारे बांधले की त्याची एक चाल असते, अर्धं धावणं, अर्धं चालणं, बांबू वरखाली होते तसं आपण बी व्हायचं. मामा साठीचा माणूस, पण तो कावड घेऊन निघाला की वाटते कावडच त्याले नेऊन राह्यली. माझ्या खांद्यावर तीच कावड दगडासारखी बसायची. धुऱ्यावरून खाली उतरताना माझ्या कमरेत सुई खुपसल्यासारखं झालं. मी कावड ठेवली नाई. मामा मागून येत होता. खळ्यापर्यंत नेली, परत आलो, अजून चार खेपा केल्या. दुसऱ्या दिवशी मले वाकून पाय धुता येत नव्हते. तू विचारलं, "काऊन रे, उभ्यानं पाय धुतो?" मी म्हटलं, "सायेब होऊन राह्यलो." तू माझ्या अंगावर गडूभर पाणी फेकलं. मी हसलो आणि त्याच आठवड्यात प्रफुलले फोन लावला.

प्रफुल कोण ते तुले सांगतलंच आहे, पोंभुर्ण्याचा, सडकेच्या कामावर माझी त्याची ओळख झाली, आता पुण्यात घरसामानाच्या ट्रकवर आहे. मी तुम्हाले सांगतलं की टोल्यावरचे लोक मिरची तोडायले तेलंगणात जातात, मी जराक लांब जातो, रोवणीच्या आधी येतो. मामा म्हणाला, "जा, पण पाय इथी ठेवून जा." ते खरं कारण नव्हतं सुकरी. मी कंबर लपवायले गेलो. मले वाटलं ट्रकवरचं काम म्हणजे बसून जायचं आणि बसून यायचं. इथी पाह्यलं तर लोकाईचं सामान म्हणजे सामान. एका घरात तीन माणसं आणि अकरा खुर्च्या. कपाटं, फ्रिज, धुण्याच्या मशिनी, आणि लिफ्ट नेमकी बंद. कंबर दुखली की गोळी घ्यायची, पट्टा बांधायचा आणि परत तेच, श्वास दाबून. सवय तर होतीच. मागल्या रोवणीले मी सुट्टी भेटत नाई म्हणालो होतो. सुट्टी भेटत होती. मी वाकूच शकत नव्हतो, बांधीत दिवसभर काय वाकलो असतो.

दिवाळीनंतर एक गोष्ट झाली ती मी तुले कधी सांगतली नाई, कारण ती सांगितली असती तर कमरेचं पण सांगावं लागलं असतं. आम्ही एका बाईचं सामान हलवायले गेलो. माधवी मॅडम नाव, केस पांढरे, अंगानं काडी. तिचा काहीतरी क्लास होता दुसऱ्या मजल्यावर, तो खाली एका हॉलमध्ये न्यायचा होता. सामान काय, तर आठ लाकडी खुर्च्या, चटया, एक माणसाएवढा आरसा आणि हाडाचा सापळा. खरा नाई, प्लास्टिकचा, पण प्रफुलनं त्याले पाहून हात जोडले. म्हणाला, "भाऊ, मी फ्रिज एकटा उतरवतो, पण याले हात लावत नाई." मग मीच सापळा कवटाळला आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर ठेवून जिना उतरलो, लहान पोराले नेतात तसा. मग आरसा उतरवला, तो नेहमीसारखा श्वास दाबून. मॅडम जिन्याच्या खाली उभी राहून पाहत होती. मले वाटलं आरशाची काळजी करत असेल. तर ती म्हणते, "सापळा घेऊन किती सुंदर उतरलास रे. मग आरशाला काय झालं? मान कुठे गेली?" मी म्हटलं, "मान इथीच हाय मॅडम." ती हसली नाई. म्हणाली, तुमची सुट्टी कधी असते? मी म्हटलं गुरुवारी. म्हणाली, गुरुवारी ये, पैसे नकोत, हॉल झाडून दे. मी विचारलं, तुम्ही शिकवता काय? म्हणाली, "खुर्चीवरून उठायला."

आम्ही ट्रकमध्ये पोट दुखेपर्यंत हसलो. खुर्चीवरून उठायले शिकवते आणि लोक शिकायले येतात. आपल्या टोल्यावर खुर्च्याच दोन, त्या पण पाहुण्यासाठी. पण गुरुवारी मी गेलो. काऊन गेलो ते सांगता येत नाई. नऊ-दहा महिन्यांत कोणी मले पाहून सुंदर म्हटलं नव्हतं, म्हणून गेलो असेन. तिथी एक गाणारी बाई होती, एक तबला वाजवणारा म्हातारा, एक कॉम्प्युटरवाला पोरगा ज्याची मान बगळ्यासारखी पुढं आलेली. खरंच सगळे खुर्चीवर बसत होते आणि उठत होते. मॅडम त्यांच्या मानेमागं नुसता हात ठेवायची, दाबत नव्हती, ढकलत नव्हती. मले खुर्चीवर बसवलं तर मी वर पाय घेतले. मग तिनं मले जमिनीवर उकिडवं बसायले सांगतलं. मी बसलो, जसे आपण चुलीजवळ बसतो. सगळे माझ्याभोवती गोळा होऊन पाहायले लागले. कॉम्प्युटरवाल्यानं बसून पाह्यलं तर मागं उताणा पडला. मॅडम म्हणाली, "बघा, याची पाठ कशी लांब राहिली आहे, आणि याला माहीतही नाही." मले लय हसू आलं. जे बुधूमामाच्या घरी कुत्रं पण पाहत नाई ते इथी आठ लोक पाहून राह्यले.

मग तिनं माझ्यासमोर एक रिकामा खोका ठेवला. म्हणाली, "यात दगड भरलेत असं समज. मी 'उचल' म्हणेन. तू उचलायचं नाही. नुसतं ऐकायचं." माझ्या मानेवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "उचल." मी हललो नाई. तरी माझी मान आत गेली, श्वास बंद झाला, दात आवळले. खोका रिकामा, हात मांडीवर, आणि मी आतून सगळा बांधलेला. ती म्हणाली, "पाहिलंस? वजन आल्यावर नाही तू आवळत. वजनाचा विचार आल्यावर आवळतोस. ऐकणं आणि करणं यांच्यामध्ये एक जागा असते, तिथे थांबायला शीक. मग मान सोड. मग वाटलं तर उचल, नाहीतर नको उचलू." मी म्हटलं, आमचा ठेकेदार उचल म्हणते तेव्हा नको उचलू असं नसते. वीस वेळा तिनं 'उचल' म्हटलं आणि वीस वेळा मान गेली. मले राग आला. मी उठून चहा प्यायले निघून गेलो, परत येणारच नव्हतो. चपला तिथी राह्यल्या होत्या म्हणून आलो. मॅडम तिथंच बसलेली. तिनं विचारलं, "चंदन, उचलताना कोणाला दाखवतोस?"

मी मग सगळं सांगितलं. लमसेना म्हणजे काय, लग्नाच्या आधी पोरीच्या घरी राबून दाखवायचं, मामाची बिडी, बैल, ते 'हुं'. तू चुलीकडं तोंड करून हसली ते पण. तिथी कोणी हसलं नाई. मॅडम म्हणाली, आता तो खोका आवाज करून उचल. सुकरी, मले आवाज काढता येईना. रिकामा खोका, आणि घशातून आवाज येईना. पाच-सहा वेळा वाकलो तेव्हा कुठी 'हुं' निघालं, आणि मग माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि मी म्हटलं झाडताना धूळ गेली.

त्या गुरुवारपासून होळीपर्यंत मी एक पण दिवस चुकवला नाई. घरी, म्हणजे प्रफुलच्या खोलीवर, कामावरून आलो की जमिनीवर उताणा पडायचो, गुडघे वर, डोक्याखाली दोन जाड वह्या. काही करायचं नाई, फक्त मनात म्हणायचं की मान मोकळी राहू दे, पाठीले पसरू दे. प्रफुल म्हणायचा, "मेला का रे?" माझ्यासारख्या माणसाले दहा मिनिटं पडून राहणं म्हणजे शिक्षा. तुले माहीत आहे, मी जेवताना पण दोनदा उठतो. पण जमून राह्यलं होतं. कंबर दुखणं कमी झालं, पट्टा सुटला. मॅडम सांगायची की डोकं मानेवर तोललेलं असते, त्याले धरून ठेवायची गरज नाई, आणि मले दरवेळी तूच आठवायची. नाल्यावरून डोक्यावर दोन गुंड घेऊन येताना तू मागं वळून करिश्माले शिव्या द्यायची आणि गुंडातलं पाणी हलायचं पण नाई. मी दोन वर्षं रोज पाह्यलं आणि मले ते पाणीच दिसत होतं, तू दिसत नव्हती. मी मॅडमले तुझं सांगितलं. ती म्हणाली, तिला घेऊन ये, मीच तिच्याकडून शिकेन. मी मनात ठरवलं होतं की लग्न झाल्यावर तुले इथी आणायचं, त्या हॉलमध्ये चालवायचं, आणि त्या कॉम्प्युटरवाल्याले दाखवायचं की मान अशी असते.

एक दिवस मी गादी घेऊन तीन मजले चढलो आणि वर गेल्यावर लक्षात आलं की मी गुणगुणून राह्यलो होतो. गुणगुणणं म्हणजे श्वास चालू होता. त्या दिवशी मी पक्कं केलं की ही रोवणी आपली.

होळीच्या आधी तुझा फोन आला. तू म्हणाली चैतूच्या घरचे येऊन गेले, मामानं त्यांना बसवलं, चहा पाजला, आणि म्हणाला चंदनची वाट पाहून राह्यलो, आला तर ठीक. तू रडली नाई. तू म्हणाली, "चैतूची कावड सपाट चालते म्हणते बा." एवढंच. तुले ते सांगायचं पण नव्हतं, तोंडून निघालं. दुसऱ्या दिवशी एका घरात लोखंडी कपाट होतं, चौथा मजला. दोघांचं वजन. प्रफुल खालून हात लावायले आला तर मी म्हटलं, सोड, एकटा नेतो. तो म्हणाला, "येडा झाला काय बे?" मी वजन उचलायचा पट्टा कपाळाले लावला आणि कपाट पाठीवर घेतलं. मॅडमनं चार महिने शिकवलं की आधी थांब. मी थांबलो नाई. मले पाहायचं होतं की मी रोवणीले लायक झालो का नाई, रोवणीले अजून तीन-चार महिने होते, पण मले तेव्हाच पाहायचं होतं. दुसऱ्या वळणावर कमरेतून डाव्या पायात गरम तार ओढल्यासारखी गेली. तिथंच ठेवायचं होतं. प्रफुल मागून ओरडून राह्यला होता. मी वरचे दोन मजले तसाच चढलो, श्वास बंद, दात आवळलेले, तोंडातून आवाज नाई. तिथी मामा नव्हता. दाखवायले कोणीच नव्हतं.

चैत्रात पंधरा दिवस माझा फोन बंद होता. मी तुले म्हटलं मोबाईल पाण्यात पडला. मोबाईल माझ्या उशाखाली होता, मी दवाखान्यात होतो. कमरेचं ऑपरेशन झालं. सही प्रफुलनं केली, भाऊ म्हणून. दुखणं गेलं, पाय आला नाई. डावा पंजा वर उचलत नाई. चालताना चप्पल निघून मागं राहते आणि मले कळत नाई, लोक हाक मारून सांगतात की दादा, चप्पल. डॉक्टर म्हणाला, नस दबून होती, सुटायले वेळ लागते, येईल किंवा नाई येणार, पण वजनाचं काम आता विसर. मी विचारलं, चिखलात चालणं? तो म्हणाला, कशासाठी?

मॅडमकडं गेलो तर मले वाटलं ती बोलेल. तिनं मानेवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाली, "पायाचं माझ्या हातात नाही रे, ते डॉक्टरांनाच विचार. मी तुला फक्त आहे त्या पायानं चालायला मदत करू शकते." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आता मी तिच्या हॉलचं झाडलोट करतो, चटया टाकतो, आलेल्या लोकाईले पाणी देतो. कधी ती मले चालवते, हळू, टाच, मग पंजा, मग थांब. आरशात पाह्यलं तर एक म्हातारा चालून राह्यला. मी पंचवीसचा होईन पुढच्या महिन्यात.

प्रफुल म्हणते, "लगन कर आन तिथी किराणा टाक, बसून खा." मी त्याले म्हटलं, मामानं बांधी म्हटलं आहे, दुकान नाई म्हटलं. तो म्हणाला, मग मामाले खरं सांग. आणि तू काय म्हणशील ते पण मले माहीत आहे. तू म्हणशील, बस घरी, मी उचलीन. तू उचलशील पण. मी खाटेवर बसीन आणि तू माझ्यासमोर सरपण आणशील, पाणी आणशील, भारे आणशील, आणि मी पाहत राहीन. काही महिन्यांनी मी तुले काहीतरी बोलीन. हसण्यावारी बोलीन, पण बोलीन. घरी बसून माझ्यासारख्याचं डोकं काय होते ते मी इथी चार महिन्यांत पाह्यलं. परवा मी त्या कॉम्प्युटरवाल्याले म्हटलं की तुले धड बसता पण येत नाई. त्या बिचाऱ्याची मान आत गेली. माझ्यामुळं गेली. मी पाह्यलं ना, मले आता ते दिसते. तुझी मान तशी गेलेली मले पाहायची नाई सुकरी. मले दुसरं काही कळत नाई, पण हे कळते.

आता पत्राचं कारण. मागल्या बाजाराच्या दिवशी तू फोन लावला. म्हणाली परे चांगले आले, आईनं माझ्यासाठी नवी खाट विणायले घेतली, मामानं बाहेरच्या कोणाले मजुरी सांगितली नाई कारण चंदन आहे. आणि विचारलं, "येतो ना?" मी म्हटलं, "येतो." तुझा शब्द पुरा व्हायच्या आधी म्हटलं. पंजा उचलत नाई तो पाय समोर धरून, या हॉलच्या पायरीवर बसून म्हटलं. सोळा महिने झाले, तू विचारते आणि मी 'येतो' म्हणतो. तुझा आवाज कानात पडला की माझी मान आवळते आणि तोंडातून तेच निघते, मी थांबूच शकत नाई. फोनवर मी कधीच थांबू शकलो नसतो, म्हणून कागद घेतला. कागदावर तू विचारत नाई, वाट पाहत नाई, श्वास ऐकू येत नाई. आठ दिवस मी हे थोडं थोडं लिहिलं, दरवेळी थांबलो, मान सोडली, आणि परत स्वतःले विचारलं. उत्तर तेच आलं. मी येत नाई. या रोवणीले नाई आणि पुढं पण नाई. तो 'येतो' मी परत घेऊन राह्यलो. मामाले पायाचं सांग, त्याच्यापासून आता लपवायचं काही नाई. चैतूच्या घरच्यांना ताटकळत ठेवू नका, आणि रोवणीले मजूर आत्ताच सांगून ठेवा, मग भेटत नाई. हे वाचून तू टॉवरखाली जाशील आणि फोन लावशील. मी घेणार नाई. घेतला तर तू विचारशील, आणि मी परत येतो म्हणीन.

तुझाच, इथंच राह्यलेला,
चंदन